बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा घरगुती साठा : कासूच्या परिसरासंबंधी काही विचार

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे या दोन स्थानकांच्या दरम्यान कासू हे लहानसे स्थानक आहे. पश्चिमेस धरमतरच्या खाडीलगतची खारजमीन, पूर्वेस डोंगर आणि त्यांच्या उतरणीवरील कातकरी वाड्या, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, असा हा पट्टा आहे. बोलींच्या अभ्यासकास त्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होय. आगरी, कोळी, कुणबी आणि कातकरी ही भाषारूपे येथे इतकी शेजारी नांदतात की, एका दिवसाच्या पायपिटीत त्यांपैकी दोन-तीन तरी कानी पडावीत. यांतील कातकरीची स्थिती विशेष नाजूक आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून मानले आहे त्यांत कातकरी जमातीचा समावेश होतो, आणि तिच्या भाषेला लेखनाची परंपरा नाही. अशा भाषेच्या बाबतीत ध्वनिमुद्रण हे लिखित पुराव्यास पूरक असे साधन राहत नाही. तोच मूळ पुरावा ठरतो.

हा पुरावा आज बहुधा कोठे असतो? विद्यार्थी वाडीवरून परततो, मुद्रणयंत्रातील इवलेसे कार्ड काढतो, आणि त्यातील ध्वनी आपल्या संगणकावर उतरवून घेतो. प्रबंध पुरा होतो, पदवी मिळते, संगणक जुना होतो. ज्या वृद्धेने तीन दुपारी बसून कथा सांगितली ती तोवर हयात नसते. या परिस्थितीवर उपाय म्हणून अलीकडे काही अभ्यासक आपल्या घरीच पोलादी रॅकमध्ये अनेक हार्ड डिस्कांची मांडणी उभी करू लागले आहेत. ही मांडणी कशी करावी, कासूसारख्या गावी ती करताना कोणत्या अडचणी येतात, आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा धरावी व कशाची धरू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रयोजनाचा विचार. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो सर्वस्वी कागदावरचा होता. पुढे त्याच सर्वेक्षणाला जोड म्हणून १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांत ग्रामोफोनच्या तबकड्या मुद्रित करण्यात आल्या. त्या तबकड्या आज संगणकावर ऐकता येतात. याचे श्रेय लाखेच्या टिकाऊपणास देणे योग्य होणार नाही, कारण ती तबकडी हातातून निसटली की फुटते. एकाच तबकडीच्या प्रती एकाहून अधिक ग्रंथालयांत पोहोचल्या होत्या, आणि प्रत्येक तबकडीबरोबर भाषेचे नाव व मजकूर यांची नोंद होती, म्हणून त्या टिकल्या.

मराठीतील अधिक जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यात राहून गावोगावच्या स्त्रियांकडून ओव्या जमविण्याचे जे काम आरंभिले त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध झाला. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी काही ओव्यांचे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवां २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. पुढे हा संग्रह ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाकडे आला आणि २०१७ पासून ओव्या ध्वनीसह व अनुवादासह प्रसिद्ध होऊ लागल्या. संग्राहकांच्या निधनानंतर संग्रह जगला, ही येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. तो जगण्याचे कारण असे की, प्रत्येक ओवीस गावाचे व गाणारणीचे नाव जोडलेले होते आणि तो समजून पुढे चालविणारी माणसे होती. यंत्राचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये.

आता साठ्याचे परिमाण पाहू. खरेदीपूर्वी हे गणित केले तर पुष्कळांचा खर्च वाचेल. भाषाशास्त्रीय कामासाठी ध्वनी सामान्यतः सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट या मानाने मुद्रित करतात. दोन मार्गिकांचे मुद्रण असल्यास एका सेकंदाला २,८८,००० बाइट आणि एका तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट एवढी जागा लागते. म्हणजे ३०० तासांचे मुद्रण, जे एका अभ्यासकाच्या अनेक वर्षांच्या कष्टांचे फळ असते, ३११ गिगाबाइटांत मावते. तळहातावर राहील अशा एकाच डिस्कवर त्याच्या कित्येक पट जागा असते. तेव्हा केवळ ध्वनी साठवणाऱ्यास रॅकची गरज नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तीन साध्या डिस्का घ्याव्यात, त्या तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि उरलेल्या पैशांत पुन्हा एकदा वाडीवर जावे.

चलच्चित्राचा प्रश्न आला की गणित पालटते. कथा सांगणाऱ्याचे हातवारे, बैठकीतील इतरांची दाद, ओठांची हालचाल यांसाठी चित्रण करावयाचे झाल्यास मध्यम प्रतीच्या चित्रणालाही सेकंदास ५० मेगाबिट लागतात. त्या हिशेबाने एका तासास २२.५ गिगाबाइट आणि ३०० तासांस पावणेसात टेराबाइट होतात. त्यात मोडी कागदपत्रांची छायाचित्रे मिळविली तर साठा आणखी वाढतो. साध्या कागदाएवढे एक पान इंचास ६०० बिंदूंच्या मानाने रंगीत घेतल्यास, संकोच न करता, ते सुमारे १०० मेगाबाइटांचे होते. दहा हजार पाने म्हणजे एक टेराबाइट. एक अभ्यासक नव्हे तर तीन-चार अभ्यासकांचा गट एकाच घरी असा साठा ठेवू लागला, म्हणजे रॅकचा विचार रास्त ठरतो.

रॅक ही वस्तू संगणकापेक्षा जुनी आहे. टेलिफोनच्या केंद्रांतील उपकरणे एकावर एक बसविण्यासाठी ठरविलेली १९ इंच रुंदी अद्याप कायम आहे. उंची ‘यू’ या एककाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. कोकणातल्या स्वयंपाकघरात भांड्यांसाठी जी मांडणी असते तिचेच हे पोलादी रूप म्हणावयास हरकत नाही; फरक इतकाच की येथे प्रत्येक भांड्याची रुंदी आधीच ठरलेली आहे. घरगुती कामासाठी एक यू उंचीची पेटी घेऊ नये. तीत बसणारे पंखे दीड-पावणेदोन इंच व्यासाचे असतात आणि हवा खेळती राहण्यासाठी ते अतिवेगाने फिरतात. त्यांचा कर्कश आवाज माजघरात सहन होत नाही. चार यू उंचीच्या पेटीत १२० मिलिमीटरचे पंखे बसतात, ते सावकाश फिरतात. पेटीची खोलीही विकत घेण्यापूर्वी मोजावी. मोठ्या पेट्या दोन फुटांहून खोल असतात आणि भिंतीवर टांगावयाच्या उथळ कपाटात त्या मावत नाहीत. भरलेल्या पेटीचे वजन वीस किलोग्रॅमपर्यंत सहज जाते. त्यामुळे जुन्या घराच्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला ती लटकविण्याचे धाडस न करता जमिनीवर, परंतु विटांचा वीतभर ओटा करून त्यावर, उभी करणे शहाणपणाचे होय.

डिस्कांच्या नावाविषयी एक गंमत भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या डिस्कला सर्वत्र ‘साडेतीन इंची’ म्हणतात तिची रुंदी प्रत्यक्षात चार इंच असते. साडेतीन इंच हे माप एकेकाळच्या लवचीक चकतीचे. त्या चकतीच्या यंत्रासाठी असलेल्या खणात जी डिस्क बसे तिला खणाचे नाव मिळाले. लवचीक चकती लोपली, नाव उरले. १९५६ साली आयबीएम कंपनीने तयार केलेल्या पहिल्या चकती-संचात २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्यांत पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मापाने तेवढ्या जागेत वर वर्णिलेल्या प्रकारचे अर्ध्या मिनिटाचेही ध्वनिमुद्रण राहणार नाही.

अनेक डिस्का एकत्र जोडण्याच्या पद्धतीस ‘रेड’ म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कले येथून तिची मांडणी प्रसिद्ध केली. या संक्षेपातील एका अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता. पुढे विक्रेत्यांना तो शब्द गैरसोयीचा वाटला असावा, आणि त्या जागी ‘स्वतंत्र’ हा अर्थ रूढ झाला. कल्पना मात्र साधी आहे. समजा, तीन डिस्कांवर एकाच स्थानी अनुक्रमे १, ०, १ असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहावयाचा की चारी अंकांची बेरीज सम व्हावी. येथे तो ० येईल. आता दुसरी डिस्क निकामी झाली तर उरलेल्या १, १, ० या अंकांवरून हरवलेला अंक ० च असला पाहिजे हे ताडता येते. ‘रा__गड’ असे फाटलेले पान पाहून वाचक मधले अक्षर भरून काढतो. फरक असा की वाचक संदर्भावरून तर्क करतो व तो चुकू शकतो, येथे मात्र उत्तर एकच निघते. एका डिस्कची जागा अशा समतेसाठी राखली तर एक डिस्क गमावण्याची मुभा मिळते. दोन राखल्या, आणि दुसरीसाठी याहून थोडे निराळे गणित वापरले, तर दोन.

घरगुती मांडणीत दोन डिस्कांची मुभा ठेवणे अगत्याचे आहे. त्याचे कारण कासूच्या वीजपुरवठ्याशी जोडता येते. समजा, आठ टेराबाइटच्या चार डिस्का आहेत. दोन समतेसाठी राखून सोळा टेराबाइट वापरावयास मिळतात. एक डिस्क निकामी झाली, तिच्या जागी नवी बसविली, म्हणजे यंत्र उरलेल्या डिस्का वाचून नवी भरू लागते. सेकंदास १५० मेगाबाइट या वेगाने आठ टेराबाइट लिहावयास सुमारे पंधरा तास लागतात, आणि मधे इतर काम चालू असेल तर त्याहून अधिक. या अवधीत उरलेल्या डिस्कांवर सर्वाधिक ताण पडतो. त्या सर्व एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या असतील तर त्यांचे आयुष्यही बरोबरीने संपत आलेले असण्याचा संभव असतो. आषाढातील रात्री पंधरा तास वीज सलग राहील अशी हमी कोणीही देणार नाही. म्हणून डिस्का निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या दुकानांतून घ्याव्यात. तसेच ज्या डिस्कांत मार्गिका कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात त्या या कामी घेऊ नयेत. वाचताना त्यांत दोष दिसत नाही, परंतु पुनर्भरणाच्या वेळी त्या इतक्या मंदावतात की यंत्र त्यांना निकामी समजून बाहेर काढण्याचा संभव असतो.

डिस्क पूर्वसूचना देऊन मरते असा एक समज आहे. २००७ साली गूगलच्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते असे आढळले. लक्षण दिसले तर डिस्क तात्काळ बदलावी. न दिसले तर निर्धास्त राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. याहून कपटी दोष म्हणजे डिस्क चालू असताना एखादा बिट निमूटपणे पालटणे. यावर उपाय म्हणून साठ्याची व्यवस्था पाहणारी प्रणाली अशी निवडावी की जी प्रत्येक खंडाची तपासणी-बेरीज ठेवते आणि वाचताना ती पडताळते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत निर्माण झालेली आणि २००५ पासून खुली झालेली झेडएफएस ही प्रणाली या जातीची आहे. महिन्यातून एकदा सर्व साठा तिच्याकडून वाचवून घ्यावा. समतेचे गणित करणारे स्वतंत्र कार्ड विकत घेण्याचे कारण नाही. ते कार्ड बिघडले की तसेच दुसरे मिळेपर्यंत डिस्का धडधाकट असूनही वाचता येत नाहीत, आणि पेणच्या बाजारात तसे कार्ड शोधावयास जाणे व्यर्थ आहे.

विजेचा प्रश्न येथे सर्वांत मोठा आहे आणि बहुतेकांच्या हिशेबात तो शेवटी येतो. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तार नसते. सर्वप्रथम वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. परसातील खड्ड्यात मीठ-कोळसा घालून केलेले अर्थिंग पावसाळ्यात चांगले चालते, परंतु वैशाखात मुरूम कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. आणि वळिवाच्या विजा तर नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात रोज घागरभर पाणी ओतण्याची जुनी रीत मुळीच अडाणीपणाची नव्हे. वीज तारेवाटे येते तशी तांब्याच्या टेलिफोन-तारेवाटेही येते. काचतंतूची जोडणी असल्यास हे दुसरे भय उरत नाही.

घरोघरी असलेला इन्व्हर्टर पंख्यांना व दिव्यांना पुरेसा असतो, रॅकला नव्हे. वीज गेल्यावर तो जागा होईपर्यंत जो निमिष जातो तेवढ्यात यंत्र बंद पडू शकते, आणि स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेची लहर ओबडधोबड असते. म्हणून इन्व्हर्टर असला तरी रॅकपाशी लहान यूपीएस निराळा ठेवावा. तो तासन् तास चालण्याची आवश्यकता नाही. दहा मिनिटे पुरतात, मात्र त्याची संदेश-तार यंत्रास जोडून, विद्युत्साठा संपत आला की यंत्र आपोआप नीट मिटेल अशी योजना केलेली असली पाहिजे. ही तार खोक्यातच पडून राहते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. चार डिस्कांचे असे यंत्र सुमारे साठ वॅट घेते. अहोरात्र चालविल्यास महिन्यास ४३ युनिट होतात. हा खर्च कायमचा आहे. साठा रोज लागत नसेल तर यंत्र आठवड्यातून एक दिवस चालवावे. मात्र पावसाळ्यात ते महिनोन्महिने बंद ठेवणेही हितावह नाही, कारण चालू यंत्राची ऊब दमटपणा दूर ठेवते.

दमटपणाचा विचार येथे गौण मानता येत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाडीकडच्या वाऱ्यात क्षार असतो. सामान्य डिस्कला दाब समतोल राखण्यासाठी बारीक छिद्र असते. ती हवेपासून पूर्णपणे बंद नसते. थंड डिस्कवर दमट हवेतील वाफ धरली आणि लगेच यंत्र सुरू केले तर ते घातक ठरते. माळ्यावर पत्र्याखाली रॅक ठेवू नये, कारण चैत्रात तेथे भट्टी होते. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवू नये, कारण धूर व तेलकट वाफ पंख्यांवर बसते. ओसरीवर ठेवण्याचा तर प्रश्नच नाही. माजघर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, ही सर्वांत बरी जागा. पेटीच्या पाठीमागील मोकळ्या खाचा पत्र्याच्या पट्ट्यांनी झाकाव्यात, अन्यथा पाल आणि मुंग्या आत बिऱ्हाड करतात.

इतकी सिद्धता केल्यावर काय मिळते? एक डिस्क, फार तर दोन डिस्का मेल्या तरी काम चालू राहते, इतकेच. विद्यार्थ्याने चुकून एखादी संचिका पुसली तर ती चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोरी, आग, पूर, वीज यांना समतेचे गणित कळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावांची छपरे उडाली आणि पुष्कळ ठिकाणी वीज दिवसेंदिवस नव्हती. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुराचे पाणी शिरले. रॅक हे कामाचे टेबल आहे, दफ्तरखाना नव्हे. टेबलावर कागद नीट लावलेले असावेत हे खरे. पण टेबल म्हणजे जतन नव्हे.

म्हणून खर्चाचा क्रम दुकानदार सांगतो त्याच्या नेमका उलटा असावा. प्रथम दुसऱ्या गावी ठेवावयाच्या प्रतीची डिस्क, मग अर्थिंग व यूपीएस, मग रॅकमधील डिस्का, आणि सर्वांत शेवटी, पैसे उरल्यास, सुबक पेटी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला तीन प्रतींचा नियम येथे उपयोगी आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत अन्यत्र. कासूच्या घरातील साठ्याची प्रत पेण येथे ठेवून हा हेतू साधणार नाही; वादळ दोन्ही गावांना एकाच रात्री गाठते. ती घाटावर, पुण्यास किंवा त्यापलीकडे असावी. शक्य असेल तेथे संस्थेत ठेव ठेवावी. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले त्यातील ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकण्यासाठी उपलब्ध झाली आहेत. खाजगी संग्रहांसाठीही तशी वाट शोधणे विभागांचे काम होय. संस्थाही स्थलांतर करतात, हे खरे. संकटग्रस्त भाषांचा लंडन येथील संग्रह २०२१ साली बर्लिनला गेला; परंतु तो नोंदींसह गेला, म्हणून हरवला नाही.

साठ्याच्या मालकीचा एक प्रश्न यात दडलेला आहे, आणि तो यंत्रशास्त्राचा नाही. वाडीवरील स्त्रीने सांगितलेली कथा अभ्यासकाच्या माजघरात कुलूपबंद राहिली, तर ती सुरक्षित आहे असे म्हणता येईल. ती जपली गेली असे म्हणता येणार नाही. तिच्या नातवंडांना ती ऐकता यावी, आणि जे तिने बाहेर जाऊ नये म्हणून सांगितले ते बाहेर जाऊ नये, या दोन्ही गोष्टींची तजवीज संचिकेच्या शेजारीच लिहिलेली पाहिजे. प्रत्येक मुद्रणास दिनांक, गाव, वाडी, बोलणाऱ्याने मान्य केलेले नाव किंवा खूण, भाषारूप, मुद्रण करणारा आणि संमतीची व्याप्ती एवढ्या नोंदी साध्या मजकुराच्या संचिकेत, युनिकोड देवनागरीत असाव्यात. एकेकाळी विशिष्ट टंकाच्या आधारे टंकलिखित केलेल्या नोंदी तो टंक नाहीसा होताच निरर्थक खुणांचा ढीग होऊन बसल्याची उदाहरणे मराठीच्या प्रत्येक विभागात सापडतील. ध्वनी शाबूत, पण तो कोणाचा हे कळत नाही, अशी ती अवस्था असते.

या नोंदींची कागदावरील एक प्रत रॅकच्या दारात आतल्या बाजूस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. त्याच पिशवीत आणखी एक पान असावे: यंत्र कसे सुरू करावे, परवलीचा शब्द कोणापाशी आहे, डिस्का कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, दुसरी प्रत कोठे आहे, आणि घरधनी नसल्यास हे सर्व कोणाच्या स्वाधीन करावे. ते घरातील इतरांना वाचता येईल अशा मराठीत लिहिलेले असावे. दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, पेटी उघडून धूळ झाडावी, अर्थिंग तपासावे, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी ते पान हाती देऊन दूरच्या प्रतीतील कोणतेही एक मुद्रण निराळ्या संगणकावर लावून दाखवावयास सांगावे. त्याला ते लावता आले नाही, तर पान पुन्हा लिहावे.